पाचशे मीटरमधली पाहुणी

साहेबांनी नकाशावर वर्तुळ काढलं तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते आणि माझा चहा व्हायचा होता. कॉम्प्युटरवर हे काम चुटकीसरशी झालं असतं, पण साहेबांना कागद अंथरून, कंपास घेऊन काढायला आवडतं. एसटी स्टँड मध्यभागी आणि चहूकडून पाचशे मीटर. "एवढ्या अंतरातला माणूस सात मिनिटांत चालत गाडीला पोहोचतो," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, माझे गुडघे घेऊन एकदा चालून दाखवा. तोंडाने फक्त "हो सर" म्हटलं आणि नकाशाची गुंडाळी करायला घेतली.

आमची कचेरी खाजगी. शहरांचे, वस्त्यांचे आराखडे करून द्यायचे हे आमचं काम. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी इथे चिकटले ती आजतागायत. आधी बोर्डावर वाकून आराखडे काढायचे, आता स्क्रीनकडे बघत काढते. घरोघर फिरून माहिती आणायची वेळ आली की साहेबांना पहिली माझी आठवण होते, कारण बाईमाणसाला लोक दारातून परत लावत नाहीत. या वेळचं काम नगरमधल्या एका स्टँडमागच्या वस्तीचं होतं. शहराचं नाव बदललं, गाड्यांच्या पाट्यांवर नवं नाव आलं, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं.

कल्पना साधी होती. स्टँडमागे सगळी बैठी घरं, फार तर एखादा मजला चढवलेला. आणि लोक मात्र घरं बांधतायत पार बायपासच्या पलीकडे, जिथून कामाला यायचं तर गाडी हवीच. तर स्टँडपासून चालत जाता येईल एवढ्या भागात पाच-सहा मजले बांधायला परवानगी द्यायची, चार-चार प्लॉट एकत्र करू द्यायचे, खाली दुकानं, वर लहान लहान घरं, पार्किंगची सक्ती नाही, आणि रस्त्याला चालण्याजोगा फूटपाथ. आराखड्यात एक कलम होतं, ते साहेबांनी स्वतः घातलं होतं. आज त्या जागेवर जो राहतो, मग मालक असो की भाडेकरू, त्याला नव्या इमारतीत आधी घर. भाडेकरूला एक खोली आणि स्वयंपाकघर, साधारण आत्ताच्याच भाड्यात. "जो बसने जातो त्याला बसजवळ घर मिळालं पाहिजे," साहेब म्हणायचे.

ते कलम मला मनापासून आवडलं होतं. मी अकरा वर्षं राहुरी रस्त्यावरच्या एका गावाहून अप-डाऊन केलं आहे. सकाळी डबा, मुलाची शाळा, मग धावत फाट्यावर; गाडी भरलेली, दांडीला धरून उभं राहायचं, कंडक्टरच्या "पुढं सरका"वर एक इंच सरकायचं. संध्याकाळी तेच उलटं. घरी पोहोचेपर्यंत मुलगा झोपलेला असायचा. त्या अकरा वर्षांतलं मला गाडीखेरीज फारसं काही आठवत नाही. पुढे नगरमध्ये घर घेतलं तेही पार एका टोकाच्या उपनगरात, कारण तिथेच परवडलं. थकवा काही गेला नाही, फक्त एसटीऐवजी रिक्षात बसून यायला लागला. त्यामुळे साहेबांचं ते वाक्य मला पटायला वेळ लागला नाही.

सर्व्हे लागला ऐन उन्हाळ्यात. असले सर्व्हे नेहमी उन्हाळ्यातच का लागतात हे मला अजून कळलेलं नाही. फॉर्म दोन पानी: घरात किती माणसं, कामाला कुठे जातात, कशाने जातात, किती वेळ लागतो. पहिल्याच पानावर एक रकाना होता, घरमालकाशी नातं. त्यात चार पर्याय: स्वतः, कुटुंबीय, भाडेकरू, पाहुणे. शेवटचा पर्याय कोणी घातला ते मला माहीत आहे. मीच घातला होता. सुट्टीत आलेली मुलंबाळं रहिवाशांत मोजली जाऊ नयेत म्हणून. फॉर्म तयार करताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

पहिल्या गल्लीत शिरले आणि लक्षात आलं की इथे घरोघरी पाहुणे आहेत. पुढच्या घरात मालक, आणि बोळातून मागे गेलं की पत्र्याच्या ओळीने खोल्या, एका खोलीत कॉलेजची चार मुलं, दुसरीत नवरा-बायको आणि बाळ, तिसरीत कोणी सिक्युरिटीवाला. कोण आहेत विचारलं की मालक म्हणणार, "पाहुणे आलेत." एका ठिकाणच्या पाहुण्यांनी स्वतःचा फ्रिज आणला होता. एका पाहुण्याने दाराला स्वतःच्या नावाची पाटी लावली होती, ती माझ्यादेखत मालकाने उतरवून पाठीमागे धरली.

यात कोणी लबाड होतं असं मी म्हणणार नाही. भाडेकरू म्हटलं की घरपट्टी वाढते, हे एक झालं. पण खरी भीती वेगळी. कागदावर भाडेकरू आला की त्याचा हक्क लागतो, मग तो हलत नाही, मग कोर्ट, मग आयुष्य संपेपर्यंत तारखा, असं इथल्या प्रत्येक घरात कोणीतरी कोणाच्या तरी बाबतीत ऐकलेलं असतं. म्हणून कागद करायचा नाही, पावती द्यायची नाही आणि कोणी सरकारी दिसणारं माणूस दारात आलं की पाहुणे म्हणायचं. राहणाऱ्यांनाही ते पाठ असतं. खोली देतानाच सांगतात, कोणी विचारलं तर तू माझ्या बहिणीकडचा. अशी सगळी गल्ली नात्यागोत्याने भरून गेलेली होती.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी त्या काकूंच्या घरी गेले. सत्तरीच्या आसपासच्या, ठेंगण्या, बोलक्या. काका ओट्यावर पेपर घेऊन बसलेले, त्यांना ऐकू येत नव्हतं. काकूंनी मला आधी बसवलं, माठातलं पाणी दिलं, मग पोहे, मग चहा. नको म्हणायची सोय नव्हती. पंखा माझ्याकडे वळवून दिला. मग म्हणाल्या, "आम्ही दोघंच हो. मुलगा पुण्यात. आणि मागं एक पाहुणी आहे, माझ्या माहेरकडची."

पाहुणी मागच्या खोलीत होती. मी बोळातून गेले, काकू माझ्यामागे आल्या. चाळिशीची बाई, नुकतीच कामावरून आलेली, पाय पसरून दारातच बसली होती आणि मनगटांना तेल चोळत होती. खोली दहा बाय दहाची असेल. भिंतीला डबे ओळीने, गॅस, लोखंडी कॉट, आणि दाराबाहेर पत्र्याच्या डब्यात लावलेला कढीपत्ता चांगला माझ्या कमरेएवढा. पाहुणी कढीपत्ता लावत नाही. मी फॉर्म काढला.

"कामाला कुठे जाता?"

"हॉस्टेलच्या मेसला. राहुरीच्या अंगाला. चपात्या लाटते. सकाळची पावनेसहाची गाडी धरती, सा वाजून वीस-पंचवीसला तिथं. साडेसाला तवा तापला पायजे."

"स्टँडवर कशा जाता?"

"चालत. सात मिन्टं." ती हसली. "पळत गेलं तर पाच."

साहेबांच्या वर्तुळात इतका चपखल बसणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी उत्साहाने पुढे विचारत गेले. ती पाथर्डीकडची. आई-बाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे लहानपण कारखान्यांजवळच्या कोप्यांत गेलं, चार बांबूंवर पाचट टाकून केलेल्या. नवरा चाकणला कंपनीत, महिन्याकाठी एखादी चक्कर मारायचा. मुलीचं लग्न झालेलं. "आठ वरसं झाली इथं," ती म्हणाली. "येका जाग्याला येवढं म्या कंदीच ऱ्हायले न्हाई. कोपीला दार बी नसायचं, ताई. हितं आतनं कडी लावून झोपती."

मग मी नात्याच्या रकान्यावर आले आणि थांबले. तिने माझ्या पेनाकडे पाहिलं. स्टँडवर, मेसमध्ये, कुठेतरी तिने आराखड्याबद्दल ऐकलं असणार, कारण ती हळूच म्हणाली, "भाडेकरू लिव्हलं तर नव्या बिल्डिंगीत खोली मिळती म्हनत्यात. व्हय का?"

"मिळते," मी म्हटलं.

"मग लिव्हा की."

मागे काकू उभ्या होत्या. पदर हातात घेऊन त्याचं टोक पिळत राहिल्या. मला सूचना होती की मालक सांगेल ते लिहायचं आणि मालकाची सही घ्यायची. त्या सूचनेच्या आड लपणं सोपं होतं. ऊन होतं, अजून सहा घरं बाकी होती, पोटात काकूंचे पोहे होते. आणि अजून एक गोष्ट होती, ती मी कधी कोणाला सांगितलेली नाही. माझ्या घरी वरच्या खोलीत नर्सिंगच्या दोन मुली राहतात. घरपट्टीवाले आले होते तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, माझ्या भाच्या आहेत. तेव्हा जीभ जराही अडखळली नव्हती. काकूंच्या डोळ्यांत मला जे दिसत होतं ते मी माझ्या घरात आरशात पाहिलेलं होतं.

मी "पाहुणे" वर खूण केली आणि काकूंची सही घेतली. त्या बाईने ते पाहिलं. तिने मनगटाला पुन्हा तेल लावायला घेतलं. मी घाईने म्हटलं, "पुढे सुनावणी असते, तेव्हा दुरुस्ती करता येते." असं म्हणून मी माझी सुटका करून घेतली.

सर्व्हेची गोळाबेरीज झाली आणि साहेब खूश झाले. कागदावर ती वस्ती अगदी विरळ निघाली. एवढ्या मोक्याच्या जागी इतकी कमी माणसं राहतात म्हणजे दाट करायला भरपूर वाव आहे, असा निष्कर्ष अहवालात गेला. मी तो टाइप करताना वाचला. जी गल्ली मी पाहिली होती तिथे संध्याकाळी नळाला रांग लागायची, पहाटे सहाच्या आत निम्मी गल्ली पिशव्या घेऊन स्टँडकडे निघायची. दाट वस्ती तिथे आधीच होती. फक्त ती सगळी माझ्या फॉर्मवर पाहुणे झाली होती आणि पाहुणे आम्ही मोजत नव्हतो.

दोन दिवस मी तसेच काढले. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की पाहुण्यांमध्ये बरेचसे भाडेकरू आहेत. साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही, पण त्यालाही एकाच वेळी सात ठिकाणी अहवाल द्यायचे असतात. म्हणाले, "मॅडम, मालकाची सही आहे. मी तुमच्या सांगण्यावरून कसं बदलू? राहणाऱ्याने स्वतः सुनावणीत सांगितलं तर लगेच बदलतो. एक वाक्य बोलायचं, बस." आणि मग जरा थांबून, "हा पर्याय फॉर्ममध्ये ठेवायलाच नको होता." तो कोणाचा होता हे त्यांना आठवत असावं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, ही त्यांची मेहेरबानी.

म्हणून मी परत त्या गल्लीत गेले, मुद्दाम तीनच्या सुमाराला. ती नुकती आली होती. मी तिला सगळं समजावलं. सुनावणी कधी, कुठे, काय विचारतील. "तुम्ही फक्त म्हणायचं, मी आठ वर्षं भाड्याने राहते. मी तिथे असेन. मी सांगेन की मी खोली पाहिली आहे." तिने ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं, शाळेत पाठांतर घेतात तसं. दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज थोडा मोठा झाला आणि तिने चटकन पुढच्या घराकडे पाहिलं.

जाताना काकूंनी मला गाठलंच. "बाई, तुम्ही तिला काय शिकवताय ते मला कळतंय," त्या म्हणाल्या. "मी काय तिची वैरीण आहे का? टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस पेज मी पाजली. सख्ख्या मुलीसारखी आहे ती मला."

"मग फॉर्मवर मुलगी लिहायचं होतं, काकू," मी म्हटलं. माझा स्वभाव असा आहे. नको तिथे जीभ चालते आणि हवी तिथे गप्प बसते.

काकूंचे डोळे भरून आले. "मुलगा ऐकत नाही हो," त्या म्हणाल्या. "म्हणतो, ती कागदावर आली की बिल्डर आपल्याशी बोलायचा नाही. म्हणतो, आधी खोली मोकळी कर." मी चहाही घेतला नाही आणि निघाले, आणि रिक्षात बसल्यावर वाटलं की चहा घ्यायला हवा होता.

सुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये होती. बाकं मुलांची, त्यामुळे सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. पुढे महापालिकेचे अधिकारी, शेजारी साहेब, बाजूच्या टेबलाला मी फॉर्मची बाडं घेऊन. तीन तास चाललं. कोणाला रस्ता रुंद नको होता, कोणाला पार्किंग हवंच होतं, एक गृहस्थ म्हणाले की सहा मजले झाले तर त्यांच्या गच्चीवरच्या पापडांना ऊन कसं मिळणार, आणि ते अगदी गंभीरपणे म्हणाले. खोल्यांमध्ये राहणाऱ्यांपैकी फारसं कोणी आलं नव्हतं. कामाचा दिवस होता. ती मात्र आली होती, अर्धी सुट्टी टाकून, इस्त्रीची साडी नेसून. शेवटच्या बाकावर बसली होती. काकू पुढच्या बाकावर, शेजारी पुण्याहून आलेला मुलगा.

अधिकाऱ्यांनी घर क्रमांक पुकारला. काकूंच्या मुलाने उठून हरकत नाही म्हणून सांगितलं. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी अधिकाऱ्यांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. अधिकारी भले होते. त्यांनी आपुलकीच्या आवाजात विचारलं, "मागच्या खोलीत कोणी भाड्याने राहतं का? आले असतील तर सांगा. घाबरायचं कारण नाही."

ती उभी राहिली. काकूंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"म्या ऱ्हाते मागं," ती म्हणाली.

"भाड्याने?"

मी बाकाची कड धरून बसले होते. मनात तिचं वाक्य म्हणत होते, तिच्याआधी.

"न्हाई," ती म्हणाली. "पाव्हनी हाय. मावशीच्या म्हायेरकडची."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली, साहेबांनी माझ्याकडे न बघता कागदावर खूण केली आणि पुढचा क्रमांक पुकारला. मी उठून काही बोलायला हवं होतं का? मी खूपदा स्वतःला विचारलं आहे. तिच्या तोंडावर, भर हॉलमध्ये तिला खोटं पाडायचं? मी फॉर्मची बाडं सारखी करत बसून राहिले, हे खरं.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला शाळेच्या नळाजवळ गाठलं. मला राग आला होता, आणि राग तिच्यावर आला होता, हे आज कबूल करायला लाज वाटते. "अहो, असं कसं केलंत? एक वाक्य होतं. हक्काची खोली होती तुमची."

तिने ओंजळीने पाणी प्यायलं, पदराने तोंड पुसलं. "ताई, बिल्डिंग कवा हुईल?"

"तीन वर्षं. चार लागतील."

"आन् म्या आज हो म्हनले असते, तर रातच्याला कुठं झोपले असते? मावशीचा पुन्याचा दादा सकाळीच बोलला, समद्यांसमोर भाडेकरू म्हनलीस तर सामान बाहेर." ती रागावली नव्हती. लहान मुलाला समजवावं तशी बोलत होती. "चार वर्सांनी खोली मिळंल, पर उद्याची पावनेसहाची गाडी मला उद्याच धरायची हाय. तुमी त्या दिशी लिव्हलं आसतं, मला बोलायचं कामच पडलं नसतं. कागुद बोलला आसता."

ती गेली. दुपारच्या सत्रात मी काय काम केलं मला आठवत नाही. ती जे बोलली त्यात एक अक्षर चूक नव्हतं. त्या दिवशी बोळात खूण करायला मला एक सेकंद लागला असता, आणि तो सेकंद मी तिच्यावर ढकलला, पाच-पन्नास माणसांसमोर, तिच्या डोक्यावरच्या छपरासमोर.

घरी आल्यावर मी वरच्या मुलींना खाली बोलावलं आणि म्हटलं, आपण रीतसर करार करू. नवरा म्हणाला, "तुला ऊन लागलंय का?" मुली घाबरल्या, त्यांना वाटलं मी त्यांना काढतेय. एकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांना समजावता समजावता माझा भात करपला. शेवटी करार झाला, दोन महिने हेलपाटे घालून. याने कोणाचं काय भलं झालं ते मला सांगता येणार नाही. निदान भाच्या तरी सुटल्या.

आराखडा मंजूर झाला. गल्लीत बिल्डरची माणसं यायला लागली, चार-चार घरांचे गट झाले. काकूंचा गट पहिल्यांदा तयार झाला. पाडकामाआधी जागा रिकामी झाल्याचा दाखला आमच्या कचेरीने द्यायचा होता, आणि माझ्यावाचून तो कोण देणार. मी गेले तेव्हा हिवाळा सुरू झाला होता आणि सकाळचं कोवळं ऊन बोळात आलं होतं. काकूंचं सामान मुलाने आदल्या दिवशीच नेलं होतं. मागच्या खोलीसमोर एक छोटा टेम्पो लागला होता.

टेम्पोत कॉट, डबे, गॅस आणि सगळ्यात वर कढीपत्त्याचा डबा दोरीने बांधलेला. तिला बायपासच्या पलीकडे खोली मिळाली होती. नवी वस्ती, रस्ता कच्चा, पण भाडं जमण्यासारखं. मी तिला विचारलं, "पावणेसहाला तिकडून कशा याल?"

"न्हाई जमत," ती म्हणाली. "येवढ्या पहाटं रिक्षा न्हाई मिळत. चालत यायचं म्हनलं तर तास लागतोय, आन् आंधार. खोली ठरली तवाच दोन दिस तिकडनं येऊन बघितलं. मेस सोडली." तिकडेच दोन घरी भांड्याचं काम धरलं होतं. मेसवाले चपातीला हिच्यासारखा हात नाही म्हणून फोन करत होते, ते सांगताना तिला जरा बरं वाटलेलं दिसलं.

तेवढ्यात काकू आल्या. पुण्याला जायच्या आधी मुद्दाम थांबल्या होत्या. हातात ताट होतं. हळदी-कुंकू, खण, नारळ, गहू, आणि घडीची नवी साडी. रिकाम्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी तिला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. कुंकू लावलं. ओंजळ ओंजळ गहू तिच्या पदरात घातले, वर खण आणि नारळ. माहेरवाशीण जायला निघाली की करतात तसं सगळं, काही चुकवलं नाही. दोघी रडल्या. ते खोटं नव्हतं. मी दारात उभी होते, तिथून हलावं की नाही तेही मला कळत नव्हतं.

"जाते म्हणू नकोस," काकू म्हणाल्या. "येते म्हण."

"येते, मावशी," ती म्हणाली आणि भरला पदर सावरत टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली.

टेम्पो वळून दिसेनासा झाला. मी दाखल्याचा कागद काढला आणि भिंतीला टेकवून भरायला घेतला. घर क्रमांक. मालकाचं नाव. जागा रिकामी: होय. त्याखाली रकाना होता, विस्थापित झालेले भाडेकरू. कचेरीच्या भाषेत कोणी नसलं की एकच शब्द लिहायचा असतो. खोलीत जमिनीवर काही गहू सांडले होते, ते वेचावेत असं वाटलं, पण आधी कागद पुरा केला. विस्थापित भाडेकरू: निरंक. आणि त्याखाली, माझ्या चांगल्या, वळणदार अक्षरात, माझी सही.